नवी विजेरी लागत नाही तेव्हा

बोलताना आपण तिला ‘बॅटरी’ म्हणतो, पुस्तकात ‘विजेरी’ लिहितो आणि दुकानात ‘टॉर्च’ मागतो. शेतीपंपाची वीज रात्रीच्या पाळीत आली की पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला पायाखालचा साप दिसतो तो हिच्यामुळेच. गडावर रात्री चढणाऱ्यांचा, गुहा-लेणी पाहणाऱ्यांचा भरवसाही हिच्यावरच असतो. अलीकडे मुठीत मावणाऱ्या पण शंभर मीटरपलीकडचे झाड उजळून टाकणाऱ्या विजेऱ्या मिळू लागल्या आहेत आणि त्या हौसेने घेणारेही पुष्कळ आहेत.

अशी एखादी कोरी करकरीत विजेरी खोक्यातून बाहेर काढावी, बटण दाबावे आणि ती लागूच नये, तर आपण काय करतो? हलवून पाहतो, तळहातावर आपटतो, बटण दहा वेळा दाबतो आणि शेवटी ‘खराब निघाली’ असा निकाल देऊन मोकळे होतो. हा निकाल पुष्कळदा चुकीचा असतो. पण तो बरोबर असला तरी त्यातून काहीच कळत नाही. ‘खराब आहे’ हे उत्तर नव्हे. ‘कुठे तुटले आहे?’ हा खरा प्रश्न आहे. सातवी-आठवीच्या वर्गात विद्युत परिपथ शिकवताना याच्याइतका चांगला प्रश्न क्वचितच हाती लागतो.

विजेचा रस्ता

घटाच्या धन टोकापासून निघालेल्या विद्युतधारेला दिव्यातून जाऊन ऋण टोकाला परत यायचे असते. डेव्हिड मिसेल यांना विजेरीचे पेटंट अमेरिकेत १८९९ साली मिळाले. तेव्हापासून आजपर्यंत विजेरीचे हे सूत्र बदललेले नाही. बदलली आहेत ती वाटेवरची ठिकाणे.

आजच्या एका नेहमीच्या नमुन्याची वाट पाहू. घट लिथियम-आयन जातीचा, ‘१८६५०’ या नावाचा. यातला १८ म्हणजे व्यास १८ मिलिमीटर, ६५ म्हणजे लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचे शून्य म्हणजे आकार दंडगोल. या घटाचे धन टोक पुढच्या संपर्काला टेकते. तेथून धारा नियंत्रकात जाते. नियंत्रक म्हणजे धारा कमी-जास्त करणारी छोटी इलेक्ट्रॉनिक चकती. तेथून ती एलईडीत जाते, नियंत्रकाच्या कडेवरून ॲल्युमिनियमच्या नळीत येते, नळीच्या मागच्या आट्यांमधून झाकणात जाते, झाकणातल्या बटणातून आणि स्प्रिंगमधून घटाच्या ऋण टोकाला पोहोचते.

मोजून पाहा: घट, पुढचा संपर्क, नियंत्रक, एलईडी, नळी, आटे, बटण, स्प्रिंग. असे आठ दुवे झाले. यातला एक जरी तुटला तरी अंधार. साखळी एकसरीत असण्याचा हा परिणाम.

नव्या वस्तूचे दुखणे वेगळे

जुनी विजेरी बंद पडली तर आपण झीज, गंज, संपलेला घट यांवर संशय घेतो. नव्या विजेरीत झिजलेले काहीच नसते. म्हणून आधी वेगळे प्रश्न विचारावेत. वाट मुद्दाम तोडून ठेवली आहे का? भाग एकमेकांना जुळत नाहीत का? प्रवासात काही सैल झाले आहे का? दोष खरोखर आतला असण्याची शक्यता यानंतर पाहावी.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अनेकदा ‘होय’ असते. घट आत घालूनच विकल्या जाणाऱ्या विजेऱ्यांमध्ये घटाच्या टोकावर प्लास्टिकची पातळ चकती ठेवलेली असते. वाहतुकीत बटण दाबले जाऊन विजेरी तापू नये आणि दुकानात पडून असताना घट उतरू नये म्हणून ही सोय. इलेक्ट्रॉनिक बटण असलेल्या विजेऱ्यांचा नियंत्रक बंद असतानाही किंचित धारा घेत राहतो, त्यामुळे तिथे ही चकती विशेष गरजेची. झाकण उघडून ती काढली की काम झाले.

दुसरी सोय कुलुपाची. काही विजेऱ्यांत बटण ठरावीक वेळा दाबले किंवा काही सेकंद दाबून धरले की ती ‘कुलूपबंद’ होते. पुढे साधे दाबल्यावर लागत नाही. कुलूप उघडण्याची रीत प्रत्येक कंपनीची निराळी असते, म्हणून माहितीपत्रक वाचण्यावाचून गत्यंतर नाही. वस्तू उघडण्याआधी तिच्यासोबतचा कागद वाचणे हीसुद्धा विज्ञानाचीच सवय आहे.

तिसरे कुलूप मात्र निव्वळ रसायनशास्त्राचे आहे. ॲल्युमिनियम वाहक, पण त्याचे ऑक्साइड विद्युतरोधक. नळीला रंग आणि कठीणपणा यावा म्हणून तिच्यावर ॲनोडायझिंगने ऑक्साइडचा जाड थर चढवतात. पुष्कळ विजेऱ्यांत मागच्या आट्यांवरही हा थर असतो आणि नळीची फक्त गोल कड उघडी ठेवलेली असते. झाकण घट्ट आवळले तरच ही कड झाकणाला टेकते. झाकण पाव फेरा सैल राहिले की परिपथ तुटला! मल्टिमीटरची टोके नळीच्या रंगीत भागावर ठेवली तर वाहकता दिसत नाही, उघड्या कडेवर ठेवली तर दिसते. एकाच धातूच्या एकाच तुकड्यावर वाहक आणि रोधक शेजारी शेजारी दाखवणारा हा प्रयोग वर्गात जरूर करावा.

न जुळणारे भाग

घट वेगळा विकत घेतला असेल तर त्याची दिशा पाहावी. बहुतेक विजेऱ्यांत धन टोक दिव्याकडे असते, पण काहींत उलट असते, म्हणून नळीवरील खूण पाहूनच घट घालावा. जुन्या दोन घटांच्या विजेरीत दोन्ही घट उलटे घातले तरी तारेचा बल्ब लागत असे, कारण तापणाऱ्या तारेला धारेच्या दिशेचे सोयरसुतक नसते. एलईडी हा डायोड आहे. तो एकाच दिशेने धारा जाऊ देतो. दोनपैकी एकच घट उलटा असेल तर मात्र कुठलाच दिवा लागणार नाही, कारण १.५ वजा १.५ म्हणजे शून्य.

आता घटाचे टोक पाहा. काही १८६५० घटांचे धन टोक सपाट असते, काहींवर छोटे बोंड असते. उलट्या घटापासून संरक्षण म्हणून काही विजेऱ्यांत पुढच्या संपर्काभोवती प्लास्टिकचे कडे बसवलेले असते. बोंड त्या कड्यातून आत जाऊन टेकते. सपाट टोक कड्यावरच अडते आणि संपर्काला शिवतही नाही. घट भरलेला, विजेरी निर्दोष, तरीही अंधार. लांबीचेही असेच आहे. आत संरक्षक चकती बसवलेला घट तीन-चार मिलिमीटर जास्त लांब असतो. तो घातल्यावर झाकण पुरते आवळले जात नाही आणि मघाची कड टेकत नाही.

घट मोजून पाहणे

मल्टिमीटर २० व्होल्टच्या एकदिश श्रेणीवर ठेवून घटाचे विभवांतर मोजावे. पूर्ण भरलेला लिथियम-आयन घट ४.२ व्होल्ट दाखवतो. ३.६ ते ३.७ व्होल्ट हे त्याचे सर्वसाधारण मूल्य. ३ व्होल्टच्या आसपास असेल तर घट उतरलेला आहे. पांढऱ्या एलईडीलाच सुमारे ३ व्होल्ट लागतात हे लक्षात घेतले की अंधाराचे कारण समजते.

मल्टिमीटरने शून्य दाखवले तर? संरक्षक चकती असलेल्या घटात ती चकती आपण होऊन वाट तोडते आणि बाहेर शून्य दिसते. घट चार्जरमध्ये थोडा वेळ ठेवून पुन्हा मोजावा. ती चकती पूर्ववत होऊन खरे मूल्य दिसू लागते. मात्र जो घट खरोखरच दोन व्होल्टच्या खाली बराच काळ राहिला असेल तो पुन्हा भरू नये. त्याच्या आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुढे आतल्या आत शॉर्ट सर्किट होऊ शकते. असा घट ई-कचरा संकलनातच द्यावा.

साखळी अर्ध्यात तोडणे

इतके करूनही दिवा लागत नसेल तर खरी शोधाशोध सुरू होते. आठ दुव्यांपैकी एक तुटला आहे असे धरू. एकेक तपासत गेलो तर वाईटात वाईट सात तपासण्या लागतील. पण प्रत्येक वेळी साखळीचे दोन भाग करून ‘दोष या अर्ध्यात की त्या अर्ध्यात’ असे विचारले तर आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक, अशा तीन तपासण्या पुरतात. प्रत्यक्षात साखळी नेमकी मध्यावर तोडता येतेच असे नाही, पण विचार हाच ठेवावा.

विजेरीत हा छेद घेण्याची सोयीची जागा म्हणजे मागचे झाकण. ते काढावे. विजेरी डोके खाली करून धरावी, म्हणजे घट सरकणार नाही. टोके सोललेल्या, मध्ये आवरण असलेल्या जाड तांब्याच्या तारेचे एक टोक घटाच्या ऋण टोकाला आणि दुसरे नळीच्या उघड्या कडेला क्षणभर टेकवावे. आता झाकण, बटण आणि स्प्रिंग यांना वगळून वाट पुरी झाली. इलेक्ट्रॉनिक बटण नळीच्या बाजूला असेल तर तार टेकवून ते बटणही दाबावे.

दिवा लागला तर घट, नियंत्रक आणि एलईडी ठीक आहेत. दोष झाकणात आहे. दिवा लागला नाही तर झाकणावरचा संशय दूर होतो आणि डोक्याकडे पाहावे लागते. या तपासणीचे मोल असे की तिचे ‘होय’ आणि ‘नाही’ दोन्ही उपयोगाचे आहेत. विजेरी आपटून पाहण्यात हा गुण नाही. आपटल्यावर लागली तरी का लागली ते कळत नाही.

येथे एक इशारा द्यायलाच हवा. या घटाची बाहेरची पूर्ण डबी ऋण असते आणि धन टोकाच्या अगदी शेजारपर्यंत आलेली असते. मध्ये असते ते केवळ पातळ वेष्टन. वेष्टन फाटलेला घट वापरू नये. तार चुकून दोन्ही टोकांना एकदम लागली तर प्रचंड धारा वाहून तार तापते, घट पेटूही शकतो. म्हणून ही तपासणी शिक्षकांनीच करावी. मुलांच्या हाती साध्या १.५ व्होल्टच्या घटांची विजेरी द्यावी.

दोष सापडल्यावर

झाकणात बटणाला जागेवर धरणारे धातूचे कडे असते. त्याला दोन खाचा असतात. प्रवासात ते सैल झालेले असू शकते. टोकदार चिमट्याने ते आवळावे. आट्यांवरचे जादा ग्रीस आणि मळ कोरड्या कापडाने पुसावा, संपर्काचे बिंदू खोडरबराने घासावेत.

एवढ्याशा मळाने काय होते, असे मुले विचारतील. ओहमचा नियम लावू. समजा मळामुळे सांध्यावर ०.१ ओहम रोध आला. जुन्या विजेरीचा बल्ब सुमारे ०.३ अँपिअर घेई. सांध्यावर केवळ ०.०३ व्होल्ट खर्च होत. नव्या विजेरीने ३ अँपिअर घेतले तर ०.३ व्होल्ट जातात आणि ०.९ वॅट उष्णता सांध्यावरच निर्माण होते. रोध १ ओहम असेल तर ३ अँपिअरसाठी सांध्यावरच ३ व्होल्ट लागतील, म्हणजे एवढी धारा वाहूच शकणार नाही. म्हणूनच मंद उजेडावर लागणारी पण प्रखर करताच विझणारी विजेरी दिसली की सांधे तपासावेत.

दोष डोक्यात असेल, म्हणजे नियंत्रकात किंवा एलईडीत, तर मात्र थांबावे. नवी विजेरी हमीकाळात असते. ती न उघडता, काय काय तपासले ते एका कागदावर लिहून दुकानदाराकडे परत द्यावी. ‘लागत नाही’ म्हणण्यापेक्षा ‘घट ४.१ व्होल्ट आहे, झाकण वगळूनही दिवा लागत नाही’ असे म्हणणाऱ्या ग्राहकाला टाळणे अवघड जाते.

वर्गासाठी

साध्या दोन घटांच्या चार-पाच विजेऱ्या घ्याव्यात आणि प्रत्येकीत एक आजार लपवावा. एकीत घटांमध्ये कागदाची चकती, एकीत एक घट उलटा, एकीत स्प्रिंगवर नखांना लावायच्या रंगाचा थर, एकीत तार तुटलेला बल्ब, एकीत दोन्ही घट उतरलेले. प्रत्येक गटाला एक घट, एक बल्ब आणि वायरचा तुकडा द्यावा. तीन नियम सांगावेत: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तपासणीआधी ‘होय आले तर काय, नाही आले तर काय’ हे वहीत लिहायचे. आणि दिवा लागल्यावर पुन्हा तो दोष मुद्दाम निर्माण करून दिवा विझतो का ते पाहायचे.

हा तिसरा नियम मुलांना आधी निरर्थक वाटतो. दिवा लागला, मग पुन्हा विझवायचा कशाला? पण आपण काढलेला कागद हेच कारण होते की झाकण पुन्हा आवळल्याने दिवा लागला, याचा निवाडा त्याशिवाय होत नाही. ज्या गटाला हे स्वतःहून उमगेल, त्याला विजेरी दुरुस्त करण्यापलीकडचे काही हाती लागलेले असेल. पुढे पंप, सायकलचा डायनॅमो किंवा शाळेची घंटा बंद पडेल तेव्हा ती मुले ‘खराब आहे’ म्हणून थांबणार नाहीत, ‘कुठे तुटले ते बघू’ म्हणतील.