पाठीला वाचता येतं

"मामा, हात जरा वर कर."

भाच्यानं माझ्या खांद्यांवरची बटणं लावली, बगलेखालच्या दोऱ्या ओढून घेतल्या आणि जाकीट अंगाला बसलंय की नाही, हे कडेनं दोन बोटं घालून पाहिलं. सैल राहिलं तर काही उपयोग नाही, असं तो म्हणाला. काळं, बिनबाह्यांचं जाकीट. वजन १.७ किलो, म्हणजे भरलेल्या दप्तरापेक्षा कमीच. आतल्या जाळीच्या अस्तरावरून हात फिरवला की गोल गाठी लागतात. पुढच्या बाजूला वीस, मागच्या बाजूला वीस. उभ्या चार रांगा, प्रत्येक रांगेत पाच. एकेक गाठ म्हणजे एकेक मोटर.

मग त्यानं माझ्या डोळ्यांवर व्हीआर हेडसेट चढवला. समोर अंधारा बोगदा, हातात टॉर्च. मी पुढे बघत चाललो होतो आणि डाव्या खांद्याच्या फऱ्यावर काहीतरी थडकलं. मी वळलो. वळायचं असं काही मी ठरवलं नव्हतं, अंगच आपोआप वळलं. समोर दात विचकून उभा असलेला प्राणी दिसला तो त्यानंतर. दुखलं अजिबात नव्हतं. पण "इथे, मागून, डावीकडून" एवढं वाक्य माझ्या पाठीनं वाचलं होतं, आणि डोळ्यांच्या आधी वाचलं होतं. या हॅप्टिक व्हेस्टविषयी, म्हणजे स्पर्शातून निरोप देणाऱ्या जाकिटाविषयी, लिहायचं ठरवलं ते त्या क्षणी.

भाच्याकडचं जाकीट दक्षिण कोरियातल्या 'बीहॅप्टिक्स' या कंपनीचं आहे. देजॉन शहरात २०१५ साली सुरू झालेली ही कंपनी, आणि या जाकिटाचं नाव 'टॅक्टसूट एक्स ४०'. आतली मोटर काही जगावेगळी नाही. वॉशिंग मशीनमध्ये सगळे कपडे एका बाजूला गोळा झाले की कोरडं करताना मशीन कसं थडथडत जागेवरून सरकतं, ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. इथेही तेच, फक्त बोटाच्या पेराएवढ्या आकारात. मोटरच्या दांडीवर एका बाजूला झुकलेलं छोटंसं वजन बसवलेलं असतं. दांडी फिरली की वजन मोटरला हिसके देतं, मोटर थरथरते आणि ती थरथर कापडातून अंगात उतरते. खिशातल्या मोबाइलमध्येही वर्षानुवर्षं हीच युक्ती होती. खेळांमध्ये तर ती त्याहून जुनी. १९७६ साली सेगाच्या मोटारसायकल शर्यतीच्या यंत्रात टक्कर झाली की हँडल थरथरायचं, आणि १९९७ साली निन्टेंडो आणि सोनी या दोघांनीही ती थरथर घरच्या कंट्रोलरमध्ये आणली.

पण हातात थरथरणं वेगळं आणि पाठीवर थरथरणं वेगळं. हातातल्या कंट्रोलरला "काहीतरी झालं" एवढंच सांगता येतं. पाठ सांगते "कुठे झालं".

आणि गंमत अशी, की स्पर्शाच्या बाबतीत आपल्या अंगातली सर्वांत ढ जागा म्हणजे पाठ. अर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं १८३४ साली याचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याची पद्धत घरी करून पाहण्यासारखी आहे. कंपासपेटीतलं कर्कटक घ्यायचं आणि दोन्ही टोकं एकदम, हळूच, कातडीला टेकवायची. बोटाच्या टोकावर टोकांमध्ये दोनेक मिलिमीटरचं अंतर असलं तरी दोन टोचण्या वेगळ्या कळतात. पाठीवर तीच टोकं जवळजवळ चार सेंटिमीटर लांब न्यावी लागतात, तोवर तिथे एकच टोक टेकलंय असं वाटत राहतं. म्हणजे जाकीट बनवणाऱ्यानं पाठीवर दोनशे मोटरा ठासून भरल्या, तरी त्यातल्या बहुतेक वाया जाणार. वीस पुरतात.

बरं, त्या वीसही वीससारख्या वाटत नाहीत. लहानपणी आपण एकमेकांच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढायचो आणि ओळखायला लावायचो. त्यात बोट सलग फिरायचं. जाकिटातली मोटर तर जागची हलत नाही. तरीही तलवारीचा वार उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत सरळ ओढल्यासारखा लागतो. दोन शेजारच्या मोटरा एकाच वेळी सारख्या जोरानं थरथरल्या, तर आपल्याला दोन ठिकाणी काही वाटतच नाही. थरथर दोघींच्या मधोमध, जिथे काहीच नाही अशा जागी जाणवते. एकीचा जोर कमी करत दुसरीचा वाढवत नेला, की ती जागा सरकते. १९७२ साली प्रिन्स्टनमधल्या फ्रँक गेल्डार्ड आणि कार्ल शेरिक यांनी याहून नवलाची गोष्ट दाखवली. मनगटावर पटापट काही टिचक्या, मग लगेच कोपराजवळ काही टिचक्या दिल्या. ज्याला दिल्या त्याला मात्र वाटलं, छोटासा ससा मनगटापासून कोपरापर्यंत टुणटुण उड्या मारत गेला. मधल्या हाताला कुणी बोटही लावलं नव्हतं. मेंदूनं मोकळ्या जागा स्वतःच भरून काढल्या.

भाच्यानं मला लॅपटॉपवर थरथर अशी सरकवण्याचं काम करून दाखवलं. पडद्यावर जाकिटाचं चित्र, त्यावर वीस ठिपके. त्यानं माउसनं एक वाकडी रेघ ओढली, बटण दाबलं आणि माझ्या पाठीवरून कुणीतरी नख फिरवल्यासारखं झालं. चाळीस मोटरांच्या भरवशावर माणसाला शेकडो जागी स्पर्श करता येतो, तो असा. मला हे सगळं कारागिरीच्या तोलाचं वाटतं. थोड्या धाग्यांत पुरं नक्षीकाम उठवणाऱ्या विणकराला दाद द्यावी, तशी इथेही द्यावी.

पाठीला वाचता येतं, हे पहिल्यांदा ठासून दाखवलं ते मात्र खेळणाऱ्यांनी नव्हे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या स्मिथ-केटलवेल संस्थेत पॉल बाख-इ-रिटा नावाचे डॉक्टर होते. त्यांच्या वडिलांना १९५९ साली अर्धांगवायूचा झटका आला होता. आता फारशी सुधारणा व्हायची नाही, असं तेव्हाचं वैद्यक मानायचं. त्यांच्या भावानं, जॉर्जनं, वडिलांना घरी आणलं, तान्ह्या मुलासारखं आधी रांगायला आणि मग उभं राहायला शिकवलं, आणि ते पुन्हा शिकवायला लागण्याइतके बरे झाले. पुढे ते वारल्यावर शवविच्छेदनात दिसलं, की मेंदूची इजा मोठी होती आणि भरूनही आली नव्हती. मेंदूनं दुसरी वाट काढली होती. मेंदूला इतकं वळण बदलता येतं हे ज्यानं घरात पाहिलं, त्याला डोळ्यांचं काम पाठीकडे सोपवण्याची कल्पना सुचावी, यात मला तरी आश्चर्य वाटत नाही.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दातांच्या डॉक्टरकडची एक जुनी खुर्ची घेतली आणि तिच्या पाठीत ४०० कंपक बसवले, वीस गुणिले वीस. शेजारी कॅमेरा. कॅमेऱ्यातल्या चित्राचा उजेड-अंधार या कंपकांतून खुर्चीत बसलेल्याच्या पाठीवर उमटायचा. बसायला आले ते जन्मांध लोक. कॅमेरा दुसऱ्या कुणी फिरवला, तर त्यांना पाठीवर नुसत्या गुदगुल्या व्हायच्या. कॅमेऱ्याची मूठ त्यांच्याच हातात दिली, की सरावानं गुदगुल्या मागे पडायच्या आणि समोर टेबलावर वस्तू आहे असं कळायला लागायचं. टेलिफोन, कप अशा वस्तू ते ओळखू लागले. १९६९ साली 'नेचर' या नियतकालिकात हे काम छापून आलं. त्या प्रयोगांतला एक प्रसंग मी कितीदा तरी आठवला आहे. कुणीतरी न सांगता कॅमेऱ्याची झूम फिरवली, पाठीवरचं चित्र झपकन मोठं झालं आणि खुर्चीतल्या माणसानं हात तोंडासमोर धरून अंग मागे झोकलं. थरथर पाठीवर होती, तरी तो पुढे सरला नाही. वस्तू त्याला समोरून अंगावर येताना दिसली होती.

त्यानंतर पाठीचा उपयोग विमानवाल्यांनीही केला. ढगात शिरलेल्या वैमानिकाला आतला कान दगा देतो. विमान कलतंय की सरळ आहे, हे कळेनासं होतं. अमेरिकी नौदलाच्या पेन्साकोला इथल्या प्रयोगशाळेत अँगस रूपर्ट यांनी १९९०च्या दशकात, विमान ज्या बाजूला कलेल त्या बाजूला टोचणारं जाकीट तयार केलं. २००४ साली डच अंतराळवीर आंद्रे कायपर्स असंच एक जाकीट घेऊन अंतराळ स्थानकावर गेले. जिथे खाली-वर असं काही उरतच नाही, तिथे "खाली" कुठे आहे हे पाठीला सांगण्यासाठी.

खेळासाठी दुकानात आलेलं जुनं जाकीट म्हणजे १९९४चं 'ऑरा इंटरॅक्टर'. ते टीव्हीचा आवाज घेऊन त्यातला खर्ज पाठीत घुमवायचं. त्याला दिशा नव्हती, नुसता दणका होता. खरी दिशा आणली ती मार्क ओम्ब्रेलारो या रक्तवाहिन्यांच्या शल्यविशारदानं. दूर राहणाऱ्या रुग्णाला हात लावून तपासता यावं, म्हणून त्यांचा खटाटोप चालला होता. त्यातूनच २००७ साली 'थर्ड स्पेस व्हेस्ट' निघालं. त्यात मोटरा नव्हत्या, हवेच्या आठ पिशव्या होत्या, नळीनं शेजारच्या कॉम्प्रेसरला जोडलेल्या. गोळी लागली की पिशवी झटकन फुगायची. थरथरीपेक्षा ते ठोशाच्या जास्त जवळ जाणारं होतं, असं मला वाटतं. पण नळी बांधून कुणी नाचत नाही, आणि त्या जाकिटासाठी मुद्दाम लिहिलेले खेळ मूठभरच होते.

या जाकिटांचं दुखणं बहुतेक वेळा हेच राहिलं आहे. यंत्र तयार असतं, पण त्याला काय म्हणायचं ते कुणी लिहून दिलेलं नसतं. 'हाफ-लाइफ: अ‍ॅलिक्स' हा गाजलेला खेळ २०२० साली आला, तेव्हा त्याला जाकिटाची जोड कुणा उत्साही खेळाडूनं फुकट, हौसेनं लिहून दिली. अशी हौस नसेल तर उरतो तो आवाजावर चालणारा प्रकार. त्यात बाँब आणि पार्श्वसंगीत, दोन्ही सारखंच धडधडतं.

आणखीही उणिवा आहेत. डोकं कुठे वळलंय हे हेडसेटला कळतं, धड कुठे वळलंय ते कळत नाही. मी नुसती मान डावीकडे वळवून उभा राहिलो आणि मागून मार खाल्ला, तर तो पाठीवर पडण्याऐवजी बरगडीकडे सरकला. पुण्याच्या एप्रिलमध्ये अर्ध्या तासात जाकीट घामानं चिंब झालं. अस्तर काढून धुता येतं, हे खरंच उपकार. विजेच्या झटक्यांवर चालणारेही प्रकार आहेत. स्पेनमधल्या मालागाच्या 'ओवो' कंपनीचं जाकीट स्नायूच आकसवतं. मला ते नको. थरथर आपल्याला निरोप देते आणि बाजूला होते. वीज थेट स्नायूवर हुकूम चालवते.

सर्वांत मोठी अडचण शेवटी कळली, आणि ती कळली ताईमुळे.

ताई म्हणजे माझी आत्तेबहीण, भाच्याची आई. लहानपणी तापात तिचे कान गेले. हे जाकीट भाच्यानं घेतलं त्यामागेही तीच होती. डेव्हिड ईगलमन या मेंदूशास्त्रज्ञाचं २०१५चं भाषण त्यानं पाहिलं होतं. आवाजाचे उंच-खोल पट्टे वेगवेगळ्या मोटरांना वाटून देणारं जाकीट त्यात होतं. ते घालून रोज दोन तास, चार दिवस सराव केलेला एक बहिरा माणूस समोरच्यानं उच्चारलेला शब्द फळ्यावर लिहून दाखवत होता. २०१८ साली लास व्हेगासमध्ये 'म्युझिक: नॉट इम्पॉसिबल' या प्रकल्पानं एका रॉक बँडच्या कार्यक्रमाला बहिऱ्या आणि ऐकणाऱ्या श्रोत्यांना कंपनांचे पट्टे आणि जाकिटं घालून एकत्र उभं केलं. अंगावर चोवीस जागी संगीत, प्रत्येक वाद्याला आपली जागा.

ताईला संगीत नवं नाही. विसर्जनाच्या मिरवणुकीत लक्ष्मी रोडला ती नेहमी ढोलपथकाच्या अगदी पुढ्यात उभी राहते, छातीवर तळवा ठेवून. लहानपणी आम्ही तिला मागे ओढायचो, कानठळ्या बसतात म्हणून. ती हात झटकून पुन्हा पुढे जायची.

माझ्यानंतर भाच्यानं जाकीट तिला घातलं आणि पथकाचं रेकॉर्डिंग लावलं. ती डोळे मिटून उभी राहिली. तळवा सवयीनं छातीवर गेला. बोटं ढोलाबरोबर हलू लागली, ठेका बदलला तशी बदलली. मग तिनं डोळे उघडले, कपाळाला आठी. ओठांकडे बघायला लावून, हातांनी दोन काड्यांची खूण करून विचारलं, "ताशा कुठाय?"

खरंच नव्हता. आम्हा दोघांना तो कानांनी ऐकू येत होता, म्हणून जाकिटात नाही हे लक्षातच आलं नव्हतं. ताशाच्या काड्या सेकंदात पंधरा-वीस वेळा पडतात. या मोटरेला वेग घ्यायला आणि थांबायलाच सेकंदाचे काही शतांश लागतात, त्यामुळे एक काडी विझायच्या आत दुसरी येऊन पडते आणि सगळ्यांचा मिळून एक गुरगुराट होतो. तो गुरगुराट ढोलाच्या घुमण्यात मिसळून गेला होता.

भाच्यानं लॅपटॉप उघडला. ढोल खालच्या दोन ओळींत, पोटापाशी ठेवला. वरच्या ओळीतले, खांद्यांजवळचे ठिपके रिकामे केले. मग एका मोटरेला उसंत मिळावी म्हणून ताशाच्या काड्या चौघींत वाटून दिल्या. पहिली डावीकडे, दुसरी तिच्या शेजारी, तिसरी, चौथी, पुन्हा पहिली. एकेक ठिपका माउसनं. पंधरा सेकंदांच्या ताशाला त्याला पाऊण तास लागला. तोवर ताई जाकीट अंगातून न काढता, पंख्याखाली खुर्ची ओढून बसून राहिली होती.