सीलच्या चरबीतले विष

कॅनडाच्या अगदी उत्तरेला इन्युइट लोक राहतात. तिथे शेती नाही. सील, बेलुगा जातीचा देवमासा, कॅरिबू हरीण, हेच त्यांचे धान्य म्हणा ना! आसपास कारखानाही नाही. म्हणून १९८०च्या दशकात डॉ. एरिक देवाई यांनी नुनाविक भागातल्या मातांचे दूध तपासायला घेतले, ते निर्मळ नमुना म्हणून. निघाले भलतेच. पीसीबी नावाचे कारखान्यातले रसायन त्यात दक्षिण क्वेबेकमधल्या मातांच्या सुमारे पाचपट!

आले कुठून? उबदार मुलखात ही द्रव्ये हवेत उडतात, वाऱ्याबरोबर जातात अन् थंडीत खाली उतरतात. पाण्यातल्या सूक्ष्म जीवांतून लहान माशात, मग मोठ्या माशात, मग सीलच्या चरबीत. दर पायरीला साठा वाढतो, आणि शेवटच्या पायरीवर असतो माणूस.

मग खाणेच सोडावे? सांगणे सोपे, पण तिकडे दुकानातले अन्न दुरून येते, महाग पडते, अन् कसही कमी. म्हणून १९९१ साली कॅनडाने तपासणीचा कार्यक्रम सुरू केला. शिकारीच मांस, यकृत, चरबी यांचे तुकडे प्रयोगशाळेला पुरवतात. त्यामुळे सल्लाही नेमका देता येतो. २०११ साली नुनाविकमधल्या मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सांगितले गेले, की पाऱ्यामुळे बेलुगाचे मांस कमी खा. आर्क्टिक चार मासा मात्र खुशाल खा.

पीसीबीवर बंदी आल्यावर तिथल्या मातांच्या रक्तातले त्याचे प्रमाण पुष्कळ उतरले. पारा हवेत जाणे मात्र थांबलेले नाही. कोळसा जळतो तिथून तो निघतोच, आणि त्यात आपली वीजकेंद्रेही आली.