तंजावरची भातलावणी आणि यंत्राचा भरवसा

तंजावर म्हटले की मराठी श्रोत्याच्या मनात व्यंकोजीराजांचे घराणे, सरफोजीराजे आणि सरस्वती महालातील पोथ्या उभ्या राहतात. कावेरीच्या या मुखप्रदेशात मात्र राजांच्या आधी आणि राजांच्या नंतरही खरे राज्य चालले ते भाताचे. आणि भाताच्या वर्षातील सर्वांत नाजूक दिवस कोणते, तर लावणीचे.

मेत्तूरचे धरण 1934 साली पुरे झाले. त्याचे दरवाजे रूढीप्रमाणे 12 जूनला उघडतात. जलाशयात पाणी बेताचे असेल तर ही तारीख पुढे जाते. त्या पाण्यावर ‘कुरुवै’ नावाचे पीक निघते. ते साधारण 105 ते 110 दिवसांत तयार होते, आणि ऑक्टोबरात ईशान्य मोसमी पाऊस सुरू होण्यापूर्वी ते कापून घरी यावे लागते. लावणी पंधरा दिवस लांबली, तर पिकलेले लोंबर चिखलात लोळते. त्याच आठवड्यांत साऱ्या मुलखाला मजूर हवे असतात, आणि ते आता पूर्वीसारखे मिळत नाहीत. म्हणून लावणीचे यंत्र आले.

यंत्राचे काम ऐकायला सोपे वाटते. दोन ओळींत 30 आणि दोन चुडांत 15 सेंटिमीटर अंतर धरले, तर एकरात सुमारे 90 हजार चूड होतात. ताशी दोन किलोमीटर वेगाने चालताना यंत्राचा प्रत्येक पोलादी चिमटा सेकंदाला तीन-चार वेळा रोपे उचलून चिखलात रोवतो. शंभरात पाच जागा चुकल्या, तरी एकरात साडेचार हजार नांग्या पडतात!

शेतकरी अशा वेळी यंत्राला दोष देतो. पण पुष्कळदा दोष त्या दिवशीचा नसतोच. तो पंधरा दिवसांपूर्वी रोपवाटिकेत घडलेला असतो. चिमटा रोप ओळखत नाही. तो तरव्याच्या चटईचा ठरावीक तुकडा कापतो, एवढेच. पसरट ट्रेमध्ये दोनेक सेंटिमीटर चाळलेली माती घालून त्यावर मोड आलेले बी पेरतात. बी एका कोपऱ्यात दाट आणि दुसऱ्यात विरळ पडले, की विरळ जागी चिमट्याच्या वाट्याला नुसती माती येते. मातीत खडा राहिला तर चिमटा वाकतो. रोपे चौदा ते अठरा दिवसांची हवीत: त्याआधी मुळ्या एकमेकींत गुंफलेल्या नसतात आणि चटई फाटते, त्यानंतर रोपे उंच होऊन अडकतात. वर्षानुवर्षे तरवा हाताने उपटणाऱ्याला ही काटेकोरी जाचक वाटते, आणि ते स्वाभाविक आहे.

दुसरी अडचण चिखलाची. जुन्या मुखप्रदेशातील काळी चिकण माती चिखलणीनंतर बसायला वेळ घेते. घाई केली तर यंत्राच्या तळाने ढकललेला चिखल शेजारची ओळ गाडून टाकतो. पट्टुकोट्टैकडील नव्या कालव्याखालची हलकी जमीन उलट लवकर आवळते. तेथे उशीर झाला तर रोप धरत नाही. घड्याळापेक्षा बोट बरे: चिखलात ओढलेली रेघ हळूहळू मिटू लागली, की खाचर तयार. पाणी एक-दोन सेंटिमीटरच असावे; जास्त झाले की रोपे तरंगतात.

लोखंडाचा भाग त्यामानाने थोडा. चिमट्याची टोके झिजली की ती बदलावीत, रोज संध्याकाळी चिखल धुऊन वंगण द्यावे, आणि हंगामापूर्वी सुटे भाग गावात आणून ठेवावेत. कारण जुलैमध्ये एका स्क्रूसाठी थांबलेले यंत्र बैलाहून महाग पडते.

यंत्र आल्याने ज्यांचा रोजगार गेला त्या बायकांचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो वंगणाने सुटणारा नाही. तूर्त त्यांतील दोघी-तिघी यंत्रामागून चालतात. चटईचे उरलेले तुकडे बांधाच्या सावलीत ओले करून ठेवलेले असतात. त्यांतून मूठभर तरवा घेऊन, वाकून, त्या सुटलेल्या जागा हाताने भरीत जातात.