गोव्याचा प्रश्न: राजनैतिक वाटाघाटींपासून जनमत कौलापर्यंत

भारत १९४७ मध्ये स्वतंत्र झाल्यानंतरही गोवा, दमण आणि दीव चौदा वर्षे पोर्तुगालच्या ताब्यात राहिले. १९ डिसेंबर १९६१ रोजी भारतीय सैन्याच्या कारवाईने ही राजवट संपुष्टात आली. मात्र त्याआधी आणि त्यानंतरही हा वाद लिस्बन, हेग आणि न्यूयॉर्क येथे चालू होता. एखाद्या प्रदेशाचे भवितव्य ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा या वादातील मूळ प्रश्न होता.

चर्चेला नकार

२७ फेब्रुवारी १९५० रोजी भारताने पोर्तुगालला औपचारिक निवेदन देऊन वाटाघाटींचा प्रस्ताव मांडला. सालाझार यांच्या सरकारने चर्चेस नकार दिला. १९५१ मध्ये पोर्तुगालने घटनेत बदल करून वसाहतींना 'सागरपार प्रांत' असे नाव दिले. गोवा हा पोर्तुगालचाच भाग असल्याने स्वयंनिर्णयाचा प्रश्न उद्भवत नाही, अशी त्या देशाची भूमिका होती.

गोवा हा भारताचाच भाग असून परकीय सत्ता हटणे हाच तेथील जनतेचा स्वयंनिर्णय होय, असे भारताचे म्हणणे होते. जून १९५३ मध्ये भारताने लिस्बनमधील आपला दूतावास बंद केला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरणाऱ्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यात अनेकांचा मृत्यू झाला. त्यानंतर दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध तुटले.

हेगचा निकाल

१९५४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी दादरा आणि नगर हवेली मुक्त केले. हे प्रदेश चहूबाजूंनी भारतीय भूमीने वेढलेले असल्याने दमणहून तेथे जाण्यासाठी भारतातूनच मार्ग होता. या मार्गाच्या हक्कासाठी पोर्तुगालने डिसेंबर १९५५ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयात धाव घेतली.

१२ एप्रिल १९६० रोजी न्यायालयाने निकाल दिला. खासगी व्यक्ती, मुलकी अधिकारी आणि सर्वसाधारण माल यांच्यासाठी पोर्तुगालला १९५४ मध्ये हा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि शस्त्रास्त्रे यांच्यासाठी नव्हता, असे न्यायालयाने म्हटले. भारताने कोणत्याही कर्तव्याचा भंग केला नसल्याचेही न्यायालयाने स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला हे या खटल्यात भारताने नेमलेले न्यायाधीश होते.

संयुक्त राष्ट्रांतील संघर्ष

१५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने ठराव क्रमांक १५४२ संमत केला. त्यात गोव्यासह पोर्तुगालच्या ताब्यातील प्रदेश 'स्वशासित नसलेले प्रदेश' ठरवण्यात आले. त्यामुळे 'सागरपार प्रांत' हा युक्तिवाद दुबळा झाला.

वर्षभराने भारतीय सैन्य गोव्यात उतरले, तेव्हा प्रकरण सुरक्षा परिषदेत गेले. युद्धबंदी आणि सैन्यमाघारीची मागणी करणारा अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स व तुर्कस्तान यांचा ठराव सात विरुद्ध चार मते पडूनही सोव्हिएत संघाच्या नकाराधिकारामुळे फेटाळला गेला. सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक यांनीही ठरावाविरुद्ध मतदान केले. वसाहतवादाचा अंत महत्त्वाचा की बळाचा वापर न करण्याचे तत्त्व, यावर परिषद दुभंगली होती.

पोर्तुगालने हा पराभव तेरा वर्षे मान्य केला नाही. १९७४ मध्ये लिस्बनमध्ये सत्तापालट झाल्यावर चित्र पालटले. ३१ डिसेंबर १९७४ रोजी झालेल्या करारान्वये पोर्तुगालने या सर्व प्रदेशांवरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. यशवंतराव चव्हाण त्या वेळी भारताचे परराष्ट्रमंत्री होते.

गोमंतकीयांचा कौल

तोपर्यंत गोमंतकीयांनी एक निर्णय स्वतः घेतला होता. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे जनमत कौल झाला. भारतात राहायचे की नाही, हा त्यातील प्रश्न नव्हता; महाराष्ट्रात विलीन व्हायचे की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहायचे, एवढेच विचारण्यात आले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० तर वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. ३४,०२१ मतांचा हा फरक निर्णायक ठरला आणि विलीनीकरणाची मागणी मागे पडली. पुढे ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटक राज्याचा दर्जा मिळाला, तर दमण आणि दीव केंद्रशासितच राहिले.