मसणातला ऊद, पाण्यातला ऊद

वऱ्हाडात कुणी ‘ऊद’ म्हटले की लगेच विचारावे लागते : कोणता? नदीतला की छपरावरचा? अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या गावांतून मी बरीच वर्षे प्राण्यांची नावे टिपतो आहे. प्राणिशास्त्राची पदवी माझ्यापाशी नाही. जाणती माणसे आणि ग्रंथालये हेच माझे गुरू. माझ्या वह्यांत सर्वाधिक गुंता याच शब्दाभोवती आहे. हा गुंता नुसत्या शब्दांचा असता तर त्यावर लेख लिहिला नसता. त्यापायी एका निरुपद्रवी जनावरावर काठ्या उगारल्या जातात, म्हणून तो सोडवायचा.

आधी शब्द पाहू. संस्कृतात ‘उद्र’ म्हणजे पाण्यात राहणारे जनावर, पाणमांजर. मराठी ‘ऊद’ त्याच कुळातला, आणि इंग्रजी ‘ऑटर’ हा त्यांचा दूरचा भाऊबंद. म्हणजे या शब्दाच्या पोटातच पाणी आहे. पण गावात आज ऊद म्हणतात ते बहुधा रात्री चिंचेवरून कौलांवर उतरणाऱ्या, लांब काळ्या शेपटीच्या जनावराला. त्याचा पाण्याशी काही संबंध नाही. त्यालाच मसण्या ऊद, कांडेचोर अशीही नावे आहेत. भरीला हिंदीतून ‘बिज्जू’ आला. तो या उदालाही लावतात आणि मेळघाटातल्या चांदी अस्वलालाही. शिवाय इंग्रजी पुस्तकातला ‘वीझल’ मराठीत येताना हटकून मुंगूस होतो.

शास्त्राच्या हिशेबी ही तीन वेगळी कुळे आहेत. मांसभक्षक प्राण्यांच्या गणात दोन मोठ्या शाखा : एक मांजराची, दुसरी कुत्र्याची. त्या ओळखण्याची एक खूण कवटीच्या तळाशी असते. मध्यकर्णाला झाकणारा हाडाचा एक फुगीर कप्पा तिथे असतो. मांजराच्या शाखेत आतल्या भिंतीने त्याचे दोन भाग होतात, कुत्र्याच्या शाखेत तो बहुधा एकसंध राहतो. मुंगूस आणि मसण्या ऊद मांजराच्या शाखेतले, पण तिथेही दोघांची कुळे वेगळी. वीझल, पाणमांजर आणि चांदी अस्वल कुत्र्याच्या शाखेतले. तेव्हा पाणमांजर मांजरापेक्षा अस्वलालाच जवळचे.

वीझलच्या कुळाला मुस्टेलिडी म्हणतात. मांसभक्षकांच्या गणातले हे सर्वांत मोठे कुळ, साठेक जाती. लांबट अंग, आखूड पाय, पायाला पाच बोटे, लहान गोल कान आणि शेपटीखाली उग्र वासाच्या ग्रंथी ही त्यांची सर्वसाधारण लक्षणे. काही जातींत गर्भधारणा झाल्यावरही गर्भ काही महिने वाढ थांबवून राहतो. या कुळाचा आवाका मोठा आहे. मुठीत मावेल असा लहान वीझल यातला, आणि चाळीस किलोंवर भरणारे सागरी पाणमांजरही यातलेच. खरा वीझल आपल्याकडे नाही. भारतात तो हिमालयाच्या पट्ट्यात आढळतो. वऱ्हाडाने त्याला पाहायचे ते त्याच्या नातलगांत. चांदी अस्वलाची नोंद मेळघाटात आहे. पाठीवर रुपेरी पट्टा, खाली काळे अंग, सैल जाड कातडी आणि खणायला लांब नखे. पाणमांजर कळपाने मासे धरते. त्याच्या बोटांमध्ये पडदा असतो.

लोकांनी गल्लत केली, असे म्हणून त्यांना हसण्याचे कारण नाही. १७७६ साली श्रेबर या जर्मन अभ्यासकाने चांदी अस्वलाला शास्त्रीय नाव दिले ते ‘व्हायव्हेरा’, म्हणजे उदाच्या गटातले. पुढच्याच वर्षी पालास याने मसण्या उदालाही त्याच गटात बसवले. ‘बिज्जू’ हा एकच शब्द दोघांना लावणारा गावकरी आणि अठराव्या शतकातले हे पंडित एकाच वाटेवर होते. फरक पुढे पडला. पुरावा मिळाला तशी शास्त्राने नावे बदलली. स्कंक हा प्राणी तर वीझलच्या कुळातून १९९७ मध्ये बाहेर निघाला.

सारख्या सवयीवरून नाते ठरवता येत नाही, याचा दाखला सापाच्या विषाचा. मुंगूस आणि चांदी अस्वल दोघेही नागाला भीत नाहीत. दोघांच्याही स्नायूंमध्ये नागाचे विष जिथे चिकटते ती जागा बदललेली आहे, पण हा बदल दोन कुळांत स्वतंत्रपणे घडला.

आता काठ्यांकडे येऊ. मुंगूस दिसले की पोरे त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगतात. त्याचे दर्शन शुभ. उदाच्या वाट्याला मात्र ‘मसण्या’ आले. प्रेते उकरण्याचा आळ खणणाऱ्या नखांच्या चांदी अस्वलावर होता. नाव एक झाले आणि तो आळ झाडावर राहणाऱ्या उदाच्याही माथी बसला. उथळ पुरलेले प्रेत कुत्री, कोल्हे, तरसही उकरतात. ऊद खातो फळे, किडे, उंदीर. तो मसणवट्यात का दिसतो, याचे मला पटणारे कारण साधे आहे : गावातली जुनी वड, पिंपळ, उंबराची झाडे कुऱ्हाडीतून वाचली ती तिथेच, आणि फळे झाडांवर असतात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ या सर्वच प्राण्यांना संरक्षण देतो. माळ्यावर ऊद सापडला तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करणे पुरे.

मारुती चितमपल्ली यांनी विदर्भाच्या जंगलांतली नोकरी सांभाळून लोकांच्या तोंडची नावे जमवली, ‘पक्षीकोश’ आणि ‘प्राणीकोश’ सिद्ध केले. ते काम गावपातळीवर पुढे न्यायचे तर नावाला खूण जोडावी लागेल. ‘आमच्या आज्याच्या वेळी पूर्णेत ऊद होते,’ असे एखादा म्हातारा सांगतो तेव्हा सारे ऊद पाणमांजर धरले तर कोरड्या नाल्यांतही पाणमांजरे नांदू लागतील. सारे मसण्या ऊद धरले तर नदीची एक खरी आठवण पुसली जाईल. म्हणून मी तीनच गोष्टी विचारतो : बोटांत पडदा होता का? पाठ पांढरी होती का? झाडावर चढायचे का? उत्तर येते ते शब्दाशेजारी लिहितो, आणि मगच पान उलटतो.