धुक्यातला ब्रह्मगिरी आणि २५६ घरांचा तक्ता

८-बिट कृष्णधवल छायाचित्रात प्रत्येक पिक्सेलला ० म्हणजे काळा ते २५५ म्हणजे पांढरा, यांपैकी एक मूल्य असते. पावसाळ्यात त्र्यंबकेश्वरहून टिपलेल्या ब्रह्मगिरी डोंगराच्या फोटोत धुक्यामुळे ही मूल्ये मधल्या पट्ट्यात, समजा ९० ते २०० मध्ये, दाटतात. कडे आणि आकाश एकाच राखाडी रंगात मिसळतात. यावर उपाय लुकअप टेबल, म्हणजे २५६ घरांचा तक्ता: जुने मूल्य हा घराचा क्रमांक, आत नवे मूल्य. ९० पर्यंतच्या घरांत ०, १४५ च्या घरात १२८, २०० पासून पुढे २५५ असे भरत गेले की कॉन्ट्रास्ट ताणला जातो. यातली खरी सुंदर गोष्ट अशी, की १ कोटी २० लाख पिक्सेलच्या फोटोलाही आकडेमोड फक्त २५६ वेळा लागते. बाकी नुसते घर पाहणे.

काळ्या पाषाणातल्या त्र्यंबकेश्वर मंदिराचे कोरीवकाम गडद मूल्यांत बुडते. तिथे असा सरळ रेषेत भरलेला तक्ता अपुरा. गडद भाग उचलणारा वक्र हवा. गिम्प या सॉफ्टवेअरमधले ‘कर्व्ह्‌ज’ हाच तक्ता हाताने भरू देते. इमेजजे या सॉफ्टवेअरमध्ये कॉन्ट्रास्ट ताणला तरी ‘अप्लाय’ दाबेपर्यंत मूळ मूल्ये शाबूत राहतात.

ताणल्यावर १११ छटा २५६ जागांत विखुरतात आणि आकाशात पट्टे उमटू शकतात. म्हणून शक्य तिथे कॅमेऱ्याची रॉ फाइल घेऊन १६-बिटमध्येच काम करावे.