शंकरपट भरवायचाय? आधी जागा नीट बघा

जत्रेत शंकरपट ठरला की आधी बक्षिसाची चर्चा होते, जागेचं शेवटी बघतात. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली होती. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. अटी मात्र पाळाव्याच लागतात. जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी. धाव १००० मीटरच्या आत हवी. उताराची, दगडगोट्याची, चिखलाची जागा किंवा रहदारीचा रस्ता चालत नाही. परभणीची काळी जमीन ओली असली की पाय रुततो, उन्हाळ्यात भेगाळली की खूर अडकून बैल कायमचा अधू होऊ शकतो. म्हणून भेगा बुजवा, रोलर फिरवा. शेवटच्या रेषेपुढे बैल थांबायला मोकळं रान ठेवा. तिथं गर्दी नको. अट मोडली तर ५ लाखांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.